लोरीन आणि गरम पाण्याची टाकी

लोरीनच्या तोंडी लागायची आमच्या नेवाडाच्या वाळवंटात कुणाची छाती नव्हती. खडीचा रस्ता संपतो तिथे जमिनीतून उकळतं पाणी येतं. आम्ही गावकऱ्यांनी तिथे गुरांची लोखंडी टाकी बसवली आहे. झऱ्याचा पाइप टाकीत सोडायचा, सोसेल इतकं पाणी तापलं की डुंबायचं आणि निघताना पाइप बाहेर काढायचा. नियम एवढाच. तो मोडणाऱ्याला लोरीन फाडून खायची. "आत काय बटाटे उकडायचेत?"

तिचा नवरा ऑर्विल. मधुमेहाने त्याचे पाय गुडघ्यापर्यंत बधिर झालेले. तिने हात घालून पाहिल्याशिवाय त्याने पाण्याला शिवायचं नाही, हा घरचा कायदा.

जुलैत एका सकाळी तिने झऱ्याकडे निघालेल्या एका तरुण जोडप्याचं पंक्चर चाक बदलून दिलं. "दुपारी आम्हीही येतोय," म्हणाली.

दुपारी आम्ही तिघं पोचलो, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. लोरीन आमच्या गाडीच्या चाकामागे दगड लावत होती, मी पिण्याच्या पाण्याचे कॅन उतरवत होतो. ऑर्विल आपला जाऊन टाकीच्या काठावर बसला, पाय आत सोडून. कडक उन्हात वाफ दिसतच नाही.

"कोमटच असेल आज," असं म्हणून त्याने मला त्याच्या जुन्या खेचराची गोष्ट सुरू केली.

लोरीन आली, पाण्याला बोट लावलं आणि किंचाळली. पाइप आतच होता. आम्ही त्याला ओढून काढलं, तर पायांची कातडी मोज्यासारखी उतरली. आणि ऑर्विल हसत होता! "अरे, झालंय काय तुम्हाला?"

दोन्ही पाय कापावे लागले.

ऑक्टोबरात पेट्रोल पंपावर ते जोडपं भेटलं. पोरगी लोरीनकडे धावत आली.

"काकू! त्या दिवशी पाइप मुद्दाम आत ठेवला होता तुमच्यासाठी. आल्या आल्या गरम पाणी मिळालं ना?"

इतके महिने आम्ही कुणा बेपर्वा माणसाला शिव्या घालत होतो. आता लोरीन हिला जिवंत सोडत नाही, असं वाटलं.

"मिळालं," ती म्हणाली. "पण बाळ, यापुढे पाइप बाहेर काढत जा. कुणासाठीही ठेवू नकोस."

पोरीने गाडीतल्या ऑर्विलला हात केला. "काका, उतरा की! फोटो काढू."

ऑर्विलने मांडीवरची चादर नीट खाली ओढून घेतली आणि हसून हात हलवला.