बँड संपला

ताई आणि मी कारेगावात खोली घेऊन राहायचो. दोघी एकाच कारखान्यात कामाला होतो. परदेशातला एक बँड ताईला भयंकर आवडायचा. त्याचा ठेका प्रेस मशीनच्या दणक्यांसारखा होता. दिवसभर कंपनीत हेच ऐकतो, पुन्हा घरी कशाला, असं मी म्हणायचे.

"आगं, तिथं ह्या आवाजावर काम करावं लागतं. हितं नाचता येतं," ती म्हणायची.

बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर ती कायम भांडायची. नवी गायिका घेतल्यापासून बँड मऊ पडला, हे तिचं ठाम मत होतं.

मागच्या वर्षी ती मेंदूज्वरातून वाचली, पण दोन्ही कान गेले. काही महिन्यांनी बँडचा नवा अल्बम आला. ताई तेव्हा केडगावला आईकडे राहत होती. तिथं अंगणात तिच्याशेजारी बसून मी तो ऐकला. त्यात गायिका नव्हतीच. नुसते दणके होते, अगदी ताईला हवे तसे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसा हाय? खरं सांग."

मी फोनवर लिहून दाखवलं, 'बेकार. अजूनच मऊ.'

"म्हनलं न्हवतं?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की शेजारीण डोकावली. ताईनं लगेच ग्रुपवर लिहून टाकलं, 'बँड संपला.' लोक तिच्यावर तुटून पडले. एकानं विचारलं, 'नीट ऐकलंस तरी का?'

ताईनं ते दोनदा वाचलं. मग तिनं उत्तर लिहिलं, 'माझ्या बहिणीनं ऐकलंय. ती खोटं बोलत नाही.'

मी उठून घरात गेले.