आठ बुतांव आणि बाबांची गाठ

एप्रिलात गोव्याला कोण जातं, असं ऑफिसात तिघांनी विचारलं. मी जाते. काजूच्या दिवसांतल्या, पेडण्यातल्या मामाच्या बागायतीचा वास ज्याच्या नाकात लहानपणीच बसला, त्याला समुद्राचं काय कौतुक? पण यंदा कारण वेगळं होतं. माझे बाबा सुर्लाला खाणीच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायचे, पंचवीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली, आणि तेव्हापासून माणूस घरापुढच्या सोप्यावर बसला तो बसलाच. लहानपणी मी उठायच्या आत ते कामावर गेलेले असायचे. मलाही न्या म्हटलं की, "थंय चेडवांचें काम ना," तिथे मुलींचं काम नाही. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्याबरोबर दोरी ओढायची होती. म्हणून तंबू घेतला.

आता ज्यांना कॅम्पिंगला जायचंय त्यांच्यासाठी. तंबूच्या दोऱ्यांना गाठी न मारता ताण द्यायला अॅल्युमिनियमचे छोटे टेन्शनर मिळतात. बोटाच्या पेराएवढी पट्टी, तिला तीन भोकं. दोरी ओवून टोकाला एक साधी गाठ घरीच मारून ठेवायची, मग जागेवर फास खुंटीत अडकवायचा आणि पट्टी सरकवायची. झालं. एका हातानं होतं, आणि माझा सगळा डाव त्या एका हातावर होता. आठांचा संच साडेचारशेला आला. त्यासोबतची दोरी मात्र गुळगुळीत निघाली, गच्चीवर करून पाहिलं तर सुळकन सुटली. चार मिलिमीटरची, जरा खरखरीत विणीची घ्या.

ती मी म्हापशात घेतली. पुण्याची बस सकाळी तिथेच सोडते आणि त्या दिवशी शुक्रवार, बाजाराचा दिवस. दोरीवाल्यानं वजन करता करता विचारलं, "गाठ मारूंक येता मगे?" येत नाही म्हटलं आणि पट्टी दाखवली. त्यानं ती उलटसुलट पाहिली. "बरें आसा. पूण हाका दोरी जाय, दोरयेक हाची गरज ना," म्हणजे पट्टीला दोरी लागते, दोरीला पट्टी नाही, असं म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. स्टँडवर भाजीपाव खाल्ला, डिचोलीची बस धरली, तिथून साखळीमार्गे सुर्ला. लाल धूळ अजून झाडांवर आहे, ट्रकांची पूर्वीची रांग नाही.

बाबांना तंबूत न्यायचा बेत आईला सांगितला तर ती एका पायावर तयार. "व्हर ताका. दीसभर बसून माजी टकली खाता." बाबांनी पट्टी डाव्या तळव्यावर घेतली.

"हें कितें गो? बुतांव?"

बुतांव म्हणजे बटण. तेव्हापासून पट्ट्यांचं नाव तेच पडलं.

"एका हातान जाता, बाबा."

त्यांनी ती माझ्या हातात परत दिली. "गाठ मारूंक कळना तांणी हे बुतांव लावचे." आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी सोय म्हणून आणलेली वस्तू त्यांना संपल्याची पावती वाटली होती.

शनिवारी दुपारी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली, आईनं दटावून बाबांना पुढे बसवलं. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, मग धारगळहून आत तुयें आणि पार्से. थांबत गेलं तरी दोन तासांत होतं. अस्नोड्यापर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. तिथे पुढे एक रेतीचा ट्रक आला, ताडपत्रीचा कोपरा फडफडत होता. "बांदूंक येना," बाबा म्हणाले, आणि कोलवाळपर्यंत त्या ट्रकवाल्याचा उद्धार करत राहिले. मी गाडी मुद्दाम हळू चालवली. पुढे काढली असती तर गप्प बसले असते.

पार्स्याला माझ्या मामाची बागायत आहे. तुम्ही जाल तर मालकाला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका, हंगामात प्रत्येक झाडाखाली कुणाचं ना कुणाचं काम चालू असतं. सुक्या पानांत चूलही नको. मामानं नीरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, पाजला आणि बाबांना खुर्ची दिली. "भावोजी, तुमी बसा. ही बांदता."

हेच बोलायला नको होतं. बाबा उठले. मी तीन कोपरे केले होते, चौथ्याशी ते डाव्या गुडघ्यावर बसले आणि पट्टी सरकवली. दोरी ताठ झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत सरकवली, परत. मी म्हटलं, बाबा पुरे. पण ट्रकवरची ताडपत्री टणक हवी, वाऱ्याला बोट शिरू द्यायचं नाही, हे पंचवीस वर्षांचं अंगवळण. तंबूचं कापड तसलं नसतं, त्याला थोडी ढील लागते. टर्र झालं आणि कोपऱ्याचा बंद मुळासकट उपटून आला.

बाबांनी तुटलेला बंद डाव्या हातात घेतला. "म्हज्यान जायना आतां," म्हणाले. आपल्याच्यानं आता होत नाही, हे दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं.

मी म्हटलं, "बुतांवाचा उपयोग संपला. आता तुमची गाठ सांगा."

कापडात खडा गुंडाळून त्याभोवती दोरी आवळली, इथपर्यंत ठीक. दोरीच्या मधोमध फास, टोक काजूच्या बुंध्याला वळसा घालून परत फासातून, मग ओढायचं. पुढे एक मुरड होती, आणि तिथे बाबा अडले. "अशी... न्हय, अशी." डावा हात हवेत फिरला, थांबला. "हाताक कळता गो. तोंडान येना." मी दहा वेळा बांधली, दहा वेळा सुटली. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "न्हय. सोड. परत." दोघं एकाच दोरीला लटकलो होतो. किती वर्षांनी मला तो आवाज ऐकू येत होता, माणसांना कामाला लावणारा. अंधार पडायला लागला तेव्हा मामा वैतागून आला आणि कसलीशी गाठ मारून मोकळा झाला.

सकाळी दंवानं दोऱ्या सैल पडल्या होत्या. ते होतंच, उठल्यावर पट्ट्या एकदा सरकवायच्या. बाबांनी तिन्ही कोपरे स्वतः केले, जपून. उंडे, म्हणजे गोल पाव, आणि चहा घेऊन परत निघालो. सोमवारी मी पुण्यात ऑफिसात होते.

तर टेन्शनर घ्यावेत का? घ्या, डोळे झाकून घ्या. माझ्या तंबूला आता तेच आहेत. पण दर रविवारी अकराला मी बाल्कनीच्या कठड्याला दोरी बांधते आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावते. आई फोन धरते. आई म्हणते, रविवारी ते सकाळीच दाढी करून बसतात.

बाबा ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिते. गेल्या रविवारी कॉलच्या आधी सहज हात चालवला आणि मुरड बसली. भिंतीला पाय लावून ओढलं, गाठ तसूभर हलली नाही. मग सोडली, फोन लावला, आणि बाबांसमोर मुरड मुद्दाम उलट्या बाजूनं घातली.

"न्हय," बाबा म्हणाले. "सोड. परत."