छतातला गुलाबी कापूस

नव्वदच्या दशकात आम्ही वेस्ट विंडसरला घर घेतलं, तेव्हा ते विकणारी बाई म्हणाली होती की या जुन्या घराला कॅरॅक्टर आहे. पहिल्याच हिवाळ्यात कळलं की कॅरॅक्टर म्हणजे भोकं. खिडक्या बंद असल्या तरी पडदे हलायचे. हीटर अखंड चालू आणि आम्ही अखंड स्वेटरमध्ये. आम्ही बहुधा अर्धं न्यू जर्सी तापवत होतो, पण शेजाऱ्यांनी कधी साधे आभार मानले नाहीत.

पुढच्या वर्षी माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटी होती, आणि तिनं आता कायमचं इथेच राहावं असं माझ्या मनात होतं. मुलांना आजीचा सहवास, मराठी कानावर पडतं वगैरे मी लोकांना सांगायचे. खरं तर मलाच ती हवी होती.

वर दोनच बेडरूम, म्हणून तिची सोय बेसमेंटमध्ये केली. एक पलंग, कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती आणि डोक्यावर उघड्या तुळया. आमच्या स्वयंपाकघरातल्या जमिनीच्या फळ्या हेच तिचं छत. सकाळी ती खाली वंदना म्हणायची, ती मला वर ओट्याशी ऐकू यायची. आणि माझा अख्खा स्वयंपाक तिला खाली ऐकू जायचा. "तीन शिट्ट्या झाल्या, बंद कर ना गॅस! काय करून राहिली?" असा आवाज पायांखालून आला की मी चिडायचे. दोन मुलांची आई झाले, अमेरिकेत घर घेतलं, पण कुकर काही माझ्या ताब्यात येईना.

नोव्हेंबरात आई शाल, स्वेटर आणि कानटोपी अशा पूर्ण पोशाखात जेवायला वर येऊ लागली. एक दिवस पोळीचा तुकडा तसाच हातात ठेवून म्हणाली, "मी जातो बाई परत. हाडं गोठून राहिली माझी. तिकिटाचं पाहा."

मी उगाच तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. पण माझा नवरा मात्र एकदम खुलला. उष्णता कशातून कशी वाहते, या विषयात त्याची पीएचडी आहे आणि घरात तिचा कुणाला काही उपयोग झालेला नव्हता.

"आई, थोडे दिवस द्या मला. घर असं इन्सुलेट करतो की कानटोपी विसराल."

"कॉन्ट्रॅक्टर बोलव," मी म्हणाले.

"घरात पीएचडी असताना कॉन्ट्रॅक्टर? काहीतरीच काय, यार!"

हा माणूस खिळा ठोकायचा तर आधी बोटापासून सुरुवात करतो, हे मी आईसमोर बोलले नाही.

भेगा शोधायला त्यानं थेट मूर्तीपुढची उदबत्ती उचलली आणि भिंतींवरून फिरवली. जिथे धूर आडवा वाहील तिथे खडूची फुली. संध्याकाळपर्यंत इतक्या फुल्या झाल्या की धड भिंत शोधायला वेगळी खूण लागली असती. मग भाड्याचं मशीन आलं. वरच्या भिंतींना बाहेरून भोकं पाडून त्यानं आत कागदाचा भुगा फुंकला. हा भुगा जुन्या वर्तमानपत्रांचा असतो, असं त्यानं आईला मोठ्या कौतुकानं समजावलं.

"म्हणजे रद्दी?" आई म्हणाली. "आमच्याकडे रद्दी विकतात, जावई. तुम्ही विकत घेऊन राहिले?"

पीएचडीनं मशीन पुन्हा चालू केलं.

बेसमेंटच्या भिंतींसाठी फायबरग्लासचे, म्हणजे काचेच्या कापसाचे, गुलाबी गठ्ठे आणले. ते हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा असतो. आमचे साहेब बनियनवर. दोन दिवस ते खाजवत होते, आई त्यांच्या हातांना खोबरेल चोळत होती आणि आमचा धाकटा लांबूनच म्हणत होता, "डॅड, नो हग्ज प्लीज."

पण कबूल करायला हवं, बेसमेंट खरंच उबदार झालं. इथे थांबला असता तर मी त्याला ओवाळलं असतं. काही गठ्ठे उरले होते. दुकान ते परत घेत होतं, पण उरलेलं परत करणं हे आमच्या रक्तात नाही. उरलेल्या भाताला आपण फोडणी देतो, तसे त्यानं उरलेले गठ्ठे छताच्या तुळयांमध्ये ठासले.

"साउंडप्रूफिंग फुकट झालं," वर हेही ऐकवलं.

आईची कानटोपी उतरली, मग स्वेटरही उतरला. मी मनात म्हटलं, जिंकलो. तिकिटाचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही.

पुढच्याच रविवारी माझी डाळ करपली. कुकरकडे माझं लक्ष नव्हतं, आणि पायांखालून कुणी ओरडलं नाही. मी खाली गेले तर आई पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी बॅग उघडी.

"अजून थंडी वाजते?"

"नाही गं. मस्त गरम आहे."

"मग?"

तिनं घडी मोडली, पुन्हा घातली. "काही ऐकूच नाही येत. वर तुम्ही आहात का नाही, समजत नाही मले. तिकडे निदान शेजारणीची भांडी तरी वाजतात."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. स्टूलवर चढून मी पहिला गठ्ठा ओढला.

"अगं, हीट वर जाईल!" नवरा जिन्यातून ओरडला.

"जाऊ दे की! वर आपणच राहतो!"

त्याला हे शास्त्रीयदृष्ट्या पटलं असावं, कारण तो खाली येऊन कचऱ्याची पिशवी धरून उभा राहिला. या वेळी शर्ट पूर्ण बाह्यांचा होता. बनियनवाली मीच निघाले; माझे हात कोपरापर्यंत खाजत होते.

संध्याकाळी मी पुन्हा कुकर लावला आणि ओट्याशी उभी राहिले. तीन शिट्ट्या झाल्या. खाली शांतता. चौथी झाली.

"चार झाल्या! झोपली का तू?"

मी गॅसच्या बटणावर हात ठेवला, पण बंद केला नाही. म्हटलं, अजून एकदा ओरडू दे.