फाटकावरची वर्गणी

थंडीचं धुकं होतं. बंद पडलेल्या रेल्वेचे जुने गेटमन माणिकराव शेळीची धार काढत असतानाच सरपंच करिष्मा आली. रुळांच्या जागी फिरायचा रस्ता करायला वर्गणी हवी होती.

"काका, फाटक लावा. लोकं थांबतील."

"मंग ते भंगारात नाही काढाचं."

"नाही काढत."

फाटक लागलं. बाजूला मोकळं वावर असूनही धाड गावच्या बाजाराला जाणाऱ्या जीपा सवयीनं थांबल्या. पावती घेताना एक ड्रायव्हर म्हणाला, "आज गाडी लेट दिसते."

वर्गणी जमली. "काका, उघडा आता!"

"गाडी गेल्याबिगर उघडलं तं मी कायचा गेटमन?"

शेवटी करिष्मानं वर्गणी समितीचे पाचही जण एकामागं एक रुळांवरून पळवले. माणिकरावांनी हिरवी झेंडी दाखवली, फाटक उचललं आणि ते उरलेली धार काढायला बसले.