सोनेरी दातांवरचं कुंकू

नाजियाची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. चालू मशीनला ती हात लावत नसे, आणि बंद मशीनलाही हात धुतल्याशिवाय नाही. अमरावतीचे देवीदास कचेऱ्यांमध्ये संगणक जोडून द्यायची कंत्राटं घेत आणि कामावर तिला पाठवत. ते म्हणत, ही बाई दुरुस्तीला जाते की नमाजाला, आधी हात धुऊन येते. नाजिया हसायची, आणि हात धुवायचीच. अचलपूरला तिचे अब्बा इनायतुल्ला घड्याळं दुरुस्त करत. हात धुतल्याशिवाय त्यांनी तिला कधी साधा काटाही उचलू दिला नव्हता. बारावीनंतर ती तंत्रनिकेतनात जायला निघाली तेव्हा मोहल्ल्यात बरंच बोलणं झालं. अब्बांनी डोळ्यावरचं भिंग न काढता एवढंच म्हटलं, की माझ्या लेकीचा हात माझ्याहून स्थिर आहे, बोलणाऱ्यांनी आपला दाखवावा.

ही गोष्ट दोन हजार सातच्या मे महिन्यातली. भातकुलीकडच्या एका कचेरीत, नाव कशाला घ्या, शेतकऱ्यांच्या मदतीचे अर्ज संगणकात भरणं चाललं होतं. त्या वर्षांत वऱ्हाडात असले अर्ज संपतच नसत. माणसं सकाळी सहापासून सातबारा छातीशी धरून ओळीत उभी. आठ नवे संगणक येऊन पडले होते, पण साऱ्या संगणकांच्या वायरी ज्या लोखंडी पेटीत येऊन मिळतात, तिच्यात जागा उरली नव्हती. तिला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. पेटीला मागे एक रिकामा कप्पा होता. त्यात नवं कार्ड सरकवलं की आठ वायरींची सोय होणार होती.

नाजिया पोचली ती आधी कचेरीच्या मागे गेली. जादा वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा उन्हानं खडखडीत वाळला होता, आणि कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही. शिपाई मनकर्णाबाईंना सांगून तिने त्यात दोन बादल्या पाणी ओतवलं. मग हात धुऊन आत आली, आणि दारातच थबकली.

टेबलावर पाट, पाटावर अक्षता, आणि अक्षतांवर ते कार्ड, आपल्या चंदेरी पिशवीतून बाहेर काढून ठेवलेलं. बाजूला फोडलेला नारळ. हेडक्लार्क खुशालराव नवी वस्तू पूजेशिवाय लावू देत नसत. हळदीकुंकवाला सवाष्ण हवी म्हणून त्यांनी मनकर्णाबाईंना बोलावलं होतं, आणि त्या बिचारीने जे सगळ्यात चकचकीत दिसलं तिथेच ओलं बोट टेकवलं होतं. कार्डाच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, तीच पेटीच्या आत जाऊन बसते. दात लालपिवळे झाले होते.

नाजियाने सांगितलं की हे असं बसवता येणार नाही. पेटीची वीज बंद करायची, कार्ड साफ करायचं, सुकवायचं, मग बसवायचं. पाऊण तास लागेल.

खुशालरावांनी ओळीकडे बोट दाखवलं. म्हणाले, मागच्या खेपेला आलेल्या माणसाने चालू पेटीतच काम केलं होतं, पाच मिनिटांत. त्यांनी देवीदासांना फोन लावला आणि तो नाजियाच्या हातात दिला. देवीदास चिडवण्याच्या सुरात नव्हते. जसं आहे तसं बसवून दे, म्हणाले, नाहीतर उद्यापासून येऊ नको. नाजियाने फोन परत दिला आणि पिशवीतून अब्बांची स्पिरिटची बाटली आणि मऊ ब्रश काढला.

खुशालरावांनी आवाज खाली आणला. "तुमी कुंकू पुसान, बाई? बाहेर शंभर लोकं हायेत. कोनी काई म्हनलं तं?"

नाजियाचा हात थांबला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"मी कार्ड साफ करून राहिली, साहेब. कोनाचं कपाळ नाही. हे असंच आत गेलं तर पेटी जळन, अन् त्या शंभर लोकायले तुमी काय सांगसान? कागदावर सही माही राहीन. मी नाही बसवत."

मनकर्णाबाई पदर खोचून पुढे आल्या.

"लावलं मीच, पुसीन बी मीच. कसं पुसू, तेवढं सांग पोरी."

नाजियाने पेटी बंद करून वायर भिंतीतून उपसली. स्वतःच्या मनगटाला पट्टा बांधला, दुसरा मनकर्णाबाईंच्या मनगटाला, त्यांच्या हिरव्या बांगड्या वर सारून. दोन्हींच्या वायरी पेटीभोवतीच्या लोखंडी चौकटीला लावल्या; तिची तार मागच्या खड्ड्यात उतरते, म्हणजे अंगातली वीज कार्डावर न उतरता जमिनीत जाते. मग कार्ड फक्त कडांनी धरलं. मनकर्णाबाई लेकराचे दात घासावेत तशा एकेक दात घासत गेल्या. बाहेर ओळीतून शिव्या ऐकू येत होत्या. दोघींनीही मान वर केली नाही.

सुकल्यावर नाजियाने कप्प्याचं झाकण काढून खिशात टाकलं, कार्ड खाचांतून सरळ सरकवलं, दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबलं, स्क्रू आवळले. वीज दिली. दोन मिनिटं पेटी नुसतीच घुमली. खुशालरावांनी तेवढ्यात तीनदा घड्याळ बघितलं. मग नवे आठही दिवे हिरवे झाले.

तिने खाली कार्बन घालून कामाचा कागद भरला. उशिराच्या कारणापुढे लिहिलं: पूजेतलं हळदकुंकू कार्डाच्या दातांवरून साफ केलं. खुशालराव म्हणाले, हे खोडा, लाइन गेली होती असं लिहा.

"काहून खोडू साहेब? पूजा काय चोरी हाय?" नाजियाने पेन त्यांच्यापुढे धरला. "पुढच्या खेपेले कार्डाच्या खोक्याची पूजा करा. मी बी थांबीन नारळासाठी."

खुशालरावांनी पेन घेतला. मग त्यांनी सही केली, जरा दाबूनच.

देवीदासांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी नाजियाने अकोल्याची बस धरली आणि तिथल्या एका दुकानात काम विचारलं. मालकाने विचारलं, आधीचं का सुटलं. तिने भातकुलीच्या कागदाची प्रत त्याच्यापुढे ठेवली आणि हात धुवायला नळ कुठे आहे ते विचारलं.