सात जबड्यांची साखळी

"घासून बघू, मॅडम."

कवळी हिरडीला टोचत असो, कॅप उंच लागत असो, नाहीतर खालचे दात वरच्यांशी जुळतच नसोत, आमच्या लॅबवाल्यांचं उत्तर हे एकच. एक डोळा मिटून ते ती वस्तू ट्यूबलाईटसमोर धरत, तिच्यावर फुंकर मारत आणि हे म्हणत. एकदा त्यांच्या बायकोनं माहेरी निघून जायची धमकी दिली, तेव्हाही त्यांनी "घासून बघू" म्हटल्याचं माझ्या असिस्टंटनं मला सांगितलं होतं. मला ते अजिबात खोटं वाटलं नाही.

राहात्यात माझा दाताचा दवाखाना आहे. तुम्ही कवळी करायला गेला असाल तर तुम्हाला वाटत असेल की ती डॉक्टर करतो. डॉक्टर नुसतं माप घेतो. त्या मापात प्लॅस्टर ओतून तुमच्या जबड्याचा साचा काढणारा, त्यावर मेणात दात रचणारा आणि शेवटी पक्की कवळी तयार करणारा माणूस दुसराच असतो. माझ्यासाठी हे काम अठरा वर्षं लॅबवाल्यांनी केलं. बाजारतळाच्या मागं पत्र्याची एक खोली, एक टेबल, पॉलिशचं मशीन, आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी भुकटी. त्यांच्या भुवयांवरसुद्धा ती असायची.

हात चांगला होता, हे मान्य करते. वक्तशीरपणाशी मात्र त्यांचं सात जन्मांचं वैर होतं. लाईट नव्हती, यात्रा होती, मेव्हण्याची गाय व्याली होती. एका निवृत्त हेडमास्तरांना नातीच्या लग्नात बिनदाताचं बसावं लागलं. फोटोग्राफर "हसा" म्हणायचा आणि हेडमास्तर मला शिव्या द्यायचे. मी लॅबवाल्यांना झापलं, तर म्हणतात, "मॅडम, लग्नात जेवन मऊच असतंय की."

आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला, असं म्हणतात. या मर्कटाला मद्य पाजलं ते माझ्याच एका पेशंटनं.

पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करणारा, मूळचा इथलाच इंजिनिअर. चिक्की खाताना कॅप निघाली म्हणून आला. कॅप बसवून झाली, तर यानं बॅगेतून एक डबा काढला. डब्यात अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे राक्षस, बुटके, शिंगवाले, सुळेवाले. एकाची तलवार मोडली होती, ती तुमच्या सिमेंटनं चिकटेल का, असं त्यानं विचारलं. वय चाळीस, कानावर पांढरे केस. मी म्हटलं, "माझे लॅबवाले याच लायकीचे आहेत, त्यांच्याकडे जा."

तलवार अशी जोडून आली की जोड सापडेना. इंजिनिअर हरखला आणि त्यानं लॅबवाल्यांना सगळा प्रकार समजावून दिला. हे राक्षस म्हणे चौकटींच्या पटावर चेंडूचा सामना खेळतात. फासे टाकायचे, एकेक राक्षस एकेका चौकटीतून पुढं न्यायचा. विकतची बाहुली तशीच वापरणं कमीपणाचं. तिला कापायची, तासायची, दुसऱ्याचं डोकं बसवायचं, कपडे बदलायचे आणि आपली स्वतःची टीम उभी करायची. पुण्यात दरवर्षी एका हॉलमध्ये जमून ही शिकलीसवरलेली माणसं दिवसभर हेच करतात. इंजिनिअरनं उरल्यासुरल्या राक्षसांची एक पिशवी लॅबवाल्यांना देऊन टाकली आणि टीम केलीत तर तुमचंही नाव घालतो म्हणाला. सात-सात खेळाडूंचाही एक प्रकार असतो, हे ऐकल्यावर लॅबवाल्यांचे डोळे चमकले.

"एवढी तब्येत, अन् हातात भाला कशाला?" ते मला म्हणाले. "कबड्डीची टीम हाय ही."

मग माझ्या कवळ्या पडल्या एका बाजूला. ज्या चकतीनं दात कापायचे, तिनं भाले, ढाली आणि कुऱ्हाडी कापल्या जाऊ लागल्या. मेणाच्या चड्ड्या झाल्या, बनियन झाले, गुडघ्यांना पट्टे चढले. ठोसा मारायला मिटलेल्या मुठी त्यांनी कापून उघड्या केल्या, कारण पकड करायला पंजा उघडा लागतो. हे मला त्यांनी असं सांगितलं, जणू मला नसलेली एखादी पदवी त्यांच्याकडं होती.

हेडमास्तरांची कवळी तिसऱ्यांदा लांबली तेव्हा मी स्वतः लॅबवर गेले. भांडायला म्हणूनच गेले होते. टेबलावर सहा प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकापुढं एकेक राक्षस. मी वाकून पाहिलं. वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघणाऱ्या बाईला चेहरे आठवत नाहीत, दात आठवतात. हा वाकडा सुळा दूध संस्थेच्या चेअरमनचा. ही पुढची फट माजी सरपंचांची. बाजरीच्या कणीपेक्षा बारीक दात सुईच्या टोकानं कोरून, रंगवून त्यांनी राक्षसांच्या तोंडात बसवले होते. सरपंचांचा तंबाखूचा डागसुद्धा सोडला नव्हता.

"पेशंटचे साचे आहेत हे! असं बाहेर दाखवतात का?"

"बाहेर कुठं, मॅडम? टेबलावरच हायेत की."

मग त्यांनी सांगितलं. हे सहाजण आणि ते स्वतः, एकाच गावचे. तरुणपणी गावच्या कबड्डीच्या टीममध्ये होते. तालुक्याच्या फायनलला समोरच्यांची शेवटची चढाई आली तेव्हा एका गुणाचा फरक होता. साखळी दोघातिघांची करतात, पण यांनी सातांनी हात धरले. "समोरची टीम खदाखदा हासली, मॅडम. येडे हायेत म्हनली. पर त्यो गडी आत आला अन् गेलाच न्हाई म्हागारी." पुढं गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. तिघं एका पॅनेलमध्ये, तिघं दुसऱ्या. तेव्हापासून बोलणं बंद, एकमेकांच्या पोरींच्या लग्नांना जाणं बंद. आता मला कळलं की माझी असिस्टंट या सहांपैकी दोन्हीकडच्यांना एका दिवशी कधीच का बोलवत नाही.

"तुम्ही कुठल्या पॅनेलमध्ये?"

"मी मधीच ऱ्हायलो. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. फुकट!"

त्यांचा बेत ठरलेला होता. टीम पुण्यात मैदानात उतरवायची, खेळतानाचा फोटो काढायचा, तो घेऊन सहा घरी जायचं आणि यात्रेला सगळ्यांना एका जागी बसवायचं. निवडणुकीनं जे मोडलं ते हे गृहस्थ मेणाच्या चड्ड्यांनी जोडायला निघाले होते. मी म्हटलं, "सहा म्हातारे या बाहुल्या बघून एकत्र येतील? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

ते म्हणाले, "घासून बघू."

पुण्याला मीच त्यांना घेऊन गेले. त्या दिवशी मला बहिणीकडे जायचंच होतं, आणि खरं सांगायचं तर फजिती बघायची हौसही होती. डबा त्यांच्या मांडीवर. प्रत्येक गतिरोधकाला "मॅडम, हळू". संगमनेरला मी चहा प्यायले, ते गाडीतून उतरले नाहीत.

हॉलमध्ये पन्नासेक दाढीवाले. फासे, पट, थंड पेयांच्या बाटल्या आणि परीक्षेला बसल्यासारखे गंभीर चेहरे. लॅबवाल्यांनी डब्यावरचा रुमाल काढला आणि आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक उठून आले. कुणी भिंग आणलं, कुणी फोटो काढू लागलं. दात बघून एकजण तर खाली बसला. माझी मान उगाचच ताठ झाली, जणू ते काम मीच केलं होतं.

मग पंच म्हणाला, "काका, खेळाडू चौकटींवर लावा."

लॅबवाल्यांनी एक उचलला. सातही वर आले.

पाठीमागं रेलून एकमेकांना ओढत असलेले असे त्यांनी ते उभे केले होते. सुटे केले की पडत होते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पंजात पंजा घालून आत स्टीलची तार टाकली आणि सगळं पक्कं करून टाकलं. चार दातांचा एकसंध जोडलेला ब्रिज करतात तसाच सात राक्षसांचा केला. राक्षस एकेकटे हलवायचे असतात हे इंजिनिअरनं दहादा सांगितलं असेल. यांच्या डोक्यात कबड्डी होती, दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

"काही नाही काका," इंजिनिअर म्हणाला. "हातांमध्ये कापून टाका. करवत देतो. दोन मिनिटांचं काम."

मी वाट बघत होते. आता एक डोळा मिटतील, फुंकर मारतील आणि म्हणतील. त्यांनी करवत हातात घेतली, चेअरमन आणि सरपंचांच्या टीमकडं बराच वेळ पाहिलं आणि करवत परत दिली.

"न्हाई घासायचं," ते म्हणाले.

लोक चुळबुळले. पुढचा सामना खोळंबला होता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जे करते तेच केलं. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "एवढ्या लांब आलोय, तर कापा ना! खेळण्यांचं काय एवढं कौतुक?"

त्यांनी रुमाल घातला आणि डबा बंद केला. खेळतानाचा फोटो न काढताच.

परतताना आळेफाटा आला. मग ते म्हणाले, "मॅडम, सुटं सुटं खेळायला ती सहाजनं गावातबी हायेतच की."

 मी म्हटलं, सोमवारपर्यंत हेडमास्तरांची कवळी मिळाली पाहिजे. सोमवारी ती मिळाली, आणि चक्क बरोबर बसली.

सहा घरी ते गेले नाहीत. दाखवायला खेळतानाचा फोटो नव्हता. टीम घेऊनच जा की, असं मी एकदाही म्हटलं नाही. सुचलं नाही असं नाही. मला वाटलं, आपण कशाला पडा यात.

पुढं मी तोंडाचं माप कॅमेऱ्यानं घ्यायला लागले आणि काम नाशिकच्या मोठ्या लॅबला पाठवू लागले. तिथून आलेली कॅप पहिल्याच खेपेला बसते. ती घासावी लागत नाही. हे मी लॅबवाल्यांना स्वतः सांगितलं नाही, असिस्टंटकडून कळवलं. अठरा वर्षांच्या कामाचा शेवट फोनवर, तोही दुसरीच्या तोंडून. इतरांना नावं ठेवण्यात मी पटाईत आहे, तेव्हा एवढं स्वतःबद्दलही लिहिलं पाहिजे. त्यांनी तक्रार केली नाही. रस्त्यात भेटले की विचारत, "नाशिकवाले टायमावर देत्यात ना?"

यंदा उन्हाळ्यात ते गेले. लॅबमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्याच.

दशक्रियेला नदीकाठी मी गेले. पुढारी आले होते, बोलले, आणि कै. लॅबवाले एक थोर समाजसेवक होते हे मला प्रथमच कळलं. ते सहाजण होते. तिघं वडाच्या या बाजूला, तिघं त्या बाजूला. मेलेल्या माणसासाठीसुद्धा यांना एका सतरंजीवर बसवत नव्हतं.

विधी आटोपल्यावर सगळे त्यांच्या घरी गेलो. लॅबवाल्यांच्या पत्नीनं फोटोपुढं ती टीम ठेवली होती. सहाजण आले, एकेक करून, मध्ये अंतर ठेवून. चेअरमन आधी वाकले आणि त्यांचा हात आपोआप तोंडाकडं गेला. "आयला, हे माजे दात." मग सरपंच वाकले, मग बाकीचे. कुणी हसलं, कुणी नाक ओढलं.  जो तो आपल्याच राक्षसाकडं बघत होता.

शेवटी सरपंच मला म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं कापायचं मशीन असंल. ज्याचा त्याला सोडवून द्या. आठवन म्हनून घरी ठिवू."

"व्हय," चेअरमन म्हणाले. "त्येच बरं हाय." उरलेल्या चौघांनी माना हलवल्या. इतक्या वर्षांत सहाजणांचं एकमत झालं ते पहिल्यांदा, आणि तेही वाटणीसाठी!

मी ती टीम उचलली. कुठून कापता येईल ते बघावं म्हणून खिडकीशी नेली, आणि पहिल्यांदा नीट पाहिली. डावीकडं एका पॅनेलचे तिघं, उजवीकडं दुसऱ्या पॅनेलचे तिघं. मधल्या राक्षसाचं तोंड मिटलेलं होतं. लॅबवाल्यांनी सगळ्यांचे दात केले होते, स्वतःचे केलेच नव्हते. त्यांचा एक हात चेअरमनच्या पंजात होता, दुसरा सरपंचांच्या, आणि तार मनगटापासून खांद्यापर्यंत आत गेलेली होती. मला त्या माणसाचा राग आला, की हे सगळं तो जिवंतपणी ओरडून का बोलला नाही.

"कापता येईल," मी म्हटलं. "पण यांचे दोन्ही हात जातील. बोला, कुणाला काढून देऊ?"

सहाजण होते तिथंच खाली बसले.  मग चेअरमन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मंग. हितंच येऊन बगत जाऊ."

"एकेकटे?" मी विचारलं.

 सहांपैकी उठून कुणीच गेलं नाही.