वरच्या पट्टीची माती

दुष्काळी कामावर मी जो बांध घातला, तो आमच्याच शेतातून गेला होता. शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमची उताराची जमीन. मी तेव्हा नवी सून. टोपल्यांनी माती वाहून आम्ही बायांनी उताराला आडवा बांध घातला. मुकादम सांगायचा, पाऊस आला की माती इथं अडेल. मी ऐकून घ्यायची. मला मातीपेक्षा मानेची काळजी होती.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं. ज्वारी पिवळी पडली. सासऱ्यांनी फावडं उचललं. त्यांना आम्ही मामा म्हणायचो.

"मामा, फोडू नका. एका कडेनं दगड रचून पाण्याला वाट करू."

"तवर ज्वारी पवायला शिकंल का?"

"मी वाहिलेली माती हाय ती."

"सरकारनं वाहायला लावली. सरकारला इचार."

त्यांनी बांध मधोमध फोडला. ज्वारी वाचली, हे खरं. पण हातभर फटीतून पुढं बैल जाईल एवढी घळ पडली, आणि दोन पावसाळ्यांत वरच्या पट्टीतली काळी माती तिच्यातून निघून गेली. नांगराचा फाळ मुरमावर खरखरू लागला. घरच्या ज्वारीचा मोठा वाटा त्याच पट्टीतून यायचा. तिथं पेरलेलं आता गुडघ्याच्या वर येईना.

लातूर जिल्हा झाल्यावर मी अर्ज घेऊन तिथल्या कचेरीत गेले. घळीच्या तोंडाशी दगडी सांडवा बांधून द्या, एवढंच मागणं. बांधाचा नकाशा जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत आहे, तो आला की बघू, असं कळलं. दोनदा गेले, दोन्ही वेळा एसटीत उभ्यानं. तिसऱ्यांदा गेले नाही. जावेला म्हटलं, उन्हाळ्यात आपणच रचू.

घळीच्या काठात गोल दगड होते, पहारीनं सहज निघणारे. तेच आम्ही रचले. दुपारी मामा आले आणि त्यांनी एका दगडाला पहार टेकवली. कांद्यासारखे पापुद्रे सुटले. आतला दगड बोटानं चुरला.

"कुजका दगड हाय ह्यो. माती व्हायलीय त्याची."

"पुरी माती कधी होईल?" जावेनं विचारलं.

"तुझ्या नातवाच्या नातवाला इचार."

ती हसली. मला हसू आलं नाही. दोन पावसाळ्यांत गेली ती माती ह्याच वेगानं झालेली होती, आणि हे मामांना बांध फोडण्याआधीपासून ठाऊक होतं. तसं मी त्यांना तोंडावर म्हटलं.

रचलेलं सगळं काढलं. माळावरून टणक काळे दगड आणले, पहार मारली की खणखणीत वाजणारे. मधला भाग खोलगट ठेवला, म्हणजे पाणी कडेनं काठ खाणार नाही. त्या पावसाळ्यात दगडांमागं चार बोटं गाळ बसला, वरच्याच कुणाच्या तरी रानातला. पुढच्या वर्षी तीन बोटं. त्यात तूर टोकली. भादव्यात पावसानं ओढ दिली, मुळं मुरमाला टेकली आणि तूर सुकली.

"दगडांचा अजून एक थर पायजे," मामा म्हणाले.

"दिसतंय मला."

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन माळावर गेले, तर ते आधीच तिथं बसून दगड वाजवून बघत होते. चांगले एका बाजूला काढून ठेवलेले होते. मी ते उचलायला लागले.